शार्क, डॉल्फिन आणि आमचे दाजी

दाजी, तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि मला पुन्हा भूक लागायला लागली आहे. झोपही लागते. परवा तर गॅसवर दूध ठेवून मी चक्क गाणं गुणगुणत होते. आमच्या ह्यांनी पेपर खाली केला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "दाजी गेलेत ना तुझे?"

"हो," म्हटलं, "म्हणूनच."

तुम्ही असता तर हसला असता. हे नाही हसले, पेपर वर केला.

तीन महिने तुम्ही अंथरुणाला खिळून होता, म्हणून तुम्ही गेल्यावर आल्यागेल्याच्या तोंडी एकच होतं, आण्णा सुटले. असतीलही. पण खरी सुटले ती मी. सात वर्षं मी एका गोष्टीपायी तुमच्यासमोर नजर चुकवत वावरले, आणि कावळ्यासाठी ठेवलेल्या तुमच्या घासासमोर, सगळ्या गावादेखत, ते ओझं उतरलं. कसं, ते तुम्ही कुठूनतरी बघितलंच असेल. तरी सांगते. सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा जुना आजार तुम्हीच पहिल्यांदा ओळखला होता.

तुम्ही मालवाहू बोटीवर होता. तासगावच्या बाजूला, जिथे पोहायला विहीर आणि बघायला ओढा, अशा गावातला माणूस समुद्रावर नोकरी करतो याचं आमच्या माधवनगरला केवढं कौतुक! तुमच्या गावची पोरं फौजेत जायची. "ह्ये भरतीची रांग चुकले आणि बोटीवर गेले," असं ताई म्हणायची. वर्षा-दीड वर्षाने सुट्टीवर आलात की सासुरवाडीला दोन दिवस मुक्काम. वडील गिरणीतून दिवसपाळी करून यायचे, आई शेंगा उकडायची आणि अंगणातल्या बाजेवर बसून तुम्ही समुद्र सांगायचा. मी तेव्हा मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसत होते. अभ्यास सोडून बाकी सगळं मला स्वच्छ ऐकू यायचं.

"बोट बंद पडली," तुम्ही म्हणालात. "अरबस्तानच्या अलीकडं. दोन दिस एका जागी. पाणी असं नितळ की खालचं समदं दिसतंय. बोटीच्या सावलीला बारक्या माशांचा थवा जमला, आणि त्येच्यासाठी एका अंगानं डॉल्फिन आले, दुसऱ्या अंगानं शार्क."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग? जुंपली?"

"कशाला जुंपतीया? जेवायला बसली."

"एकत्र?"

"आपली भावकी कशी? बांधावरनं कोर्टात जात्यात, येरवी तोंड बघत न्हाईत. पर लग्नाच्या पंगतीला एका वळीत बसत्यात का न्हाई? तसं. ह्येनी इकडनं तोडायचं, त्येनी तिकडनं. मधी जरा जागा सोडून. कुणी कुणाला ऊठ म्हनंना."

वडील खो खो हसले. मी मात्र हिरमुसले. शार्क आणि डॉल्फिन समोरासमोर, आणि पंगत?

"एकदाही भांडण नाही झालं?"

तुम्ही थोडा वेळ शेंगेचं टरफल चिमटीत फिरवत राहिलात. "दुसऱ्या दिशी एक आला. लय मोठा, एकटा. अंगावर पट्टं. गुमान खालनं वर येत हुता. डॉल्फिननी खाणं थांबवलं. पिल्लं मधी घेतली, आया कडंनं झाल्या आणि तीन जाणती त्येच्याकडं तोंड करून पुढं गेली. मारलं न्हाई, नुसतं आडवं झाली. त्यो वळला आणि गेला."

"भ्याला?"

"भ्याला न्हाई गं. त्येला भांडाण नगंच हुतं. त्येला चुकलेलं पिल्लू पायजे हुतं, ते न्हाई गावलं. त्या तिघांतल्या एकाच्या पाठीवरच्या पराचा अर्ध्या चंद्रागत तुकडा गेलेला. म्हंजे कवातरी शार्कचंबी जमलं असंल."

"एवढंच?"

"एवढंच."

आता मला सांगा दाजी, एवढ्याशा गोष्टीवर माझ्यासारखीचं कसं भागणार? घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. बारसं असो, हळद असो, बायका पाट सरकवून म्हणणार, "बेबी, सांग की गं काहीतरी." बेबी! आज पन्नाशी गाठली, रिक्षात एका बाजूला बसले तर रिक्षा कलते, तरी मी बेबीच. तर पहिल्या वर्षी मी डॉल्फिनकडून त्या मोठ्या शार्कला एक धडक मारून घेतली. बायकांना आवडलं. पुढच्या वर्षी चार धडका, त्याही पोटात. तरी गोष्टीत माणूस नव्हता. माणूस नसेल तर हळदीच्या बायका उठून नवरीकडे जातात. म्हणून तिसऱ्या वर्षी मी तुम्हाला समुद्रात पाडलं.

काय गोष्ट झाली ती! तुम्ही गटांगळ्या खाताय, शार्क जबडा उघडून येतोय आणि डॉल्फिन तुमच्याभोवती कडं करून त्याला पिटाळून लावताहेत. तुमच्या नडगीवर इंजिनच्या पाइपने भाजल्याचा डाग होता, तोही मी शार्कच्या नावावर करून टाकला. तुमच्या कानावर ते आलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बेबे, डॉल्फिन आपल्या लेकरासाठी हुभं ऱ्हातंय. माणसासाठी कशाला ऱ्हाईल?"

"राहतो," मी म्हटलं. "मायाळू असतो."

"मायाळू हाय. त्येच्या लेकराला."

हा आपला वाद. तो तिथे सुरू झाला आणि अजून माझ्याकडे पडून आहे.

मग तुम्ही नोकरी सोडून गावी आलात आणि द्राक्षबाग लावली. दोन वर्षांनी गणपतीच्या आधी मंडळाचा अध्यक्ष संपत, तुमचा बांधाला बांध असलेला शेजारी, आमच्या साताऱ्याच्या घरी येऊन उभा राहिला. त्याच्या बायकोने माझी गोष्ट कुठल्याशा लग्नात ऐकली होती. "मावशी, औंदा हलता देखावा आण्णांचाच. तुमी नुसता आवाज द्या."

नाही म्हणायला पाहिजे होतं. मी साडी बदलून आले आणि टेपरेकॉर्डरसमोर बसले. इतकं शुद्ध मराठी मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. "आणि त्या खवळलेल्या सागरात..." तुमचा नितळ, थांबलेला समुद्र मी एका वाक्यात खवळवून टाकला.

काय देखावा होता! निळं प्लास्टिक, खालून पंखे. थर्माकोलचा शार्क, त्याच्या जबड्याला मोटर. मधोमध तुमचा पुतळा, अंगात तुमचीच जुनी पँट, ती ताईने काढून दिलेली. आणि तुम्ही स्वतः रांगेत उभे राहून, दर दहा मिनिटांनी बुडणाऱ्या तुम्हाला बघत होता. तिसऱ्या खेळाला डॉल्फिनची मोटर अडकली. ते जागच्या जागी थरथरत राहिले, शार्क मात्र तुमची पँट चावतोय चावतोय. कोणीतरी ओरडलं, "आण्णा, पळा! आज काय खरं न्हाई!" सगळी गल्ली हसली. तुम्ही नाही हसलात. मी लांबून तुमचं तोंड बघितलं. पांढरंफटक पडलं होतं.

मग शाल, नारळ, सत्कार. संपतने माइक तुमच्या हातात दिला. "आवं आण्णा, दोन शब्द बोला की." समोर पहिल्या ओळीत तुमची म्हातारी आई, शेजारी ताई. तुम्ही माझ्याकडे बघितलं. किती वेळ, कोण जाणे. माझ्या मनात आलं, आता दाजी सांगणार, ही बाई खोटं बोलते. सांगायला हवंही होतं. तुम्ही म्हणालात, "समद्यांनी सावकाश घरी जावा," आणि माइक परत दिलात.

घरी जाताना मी विचारलं, "रागावलात?"

"न्हाई."

त्या दिवसानंतर तुम्ही मला समुद्र सांगितला नाहीत. एकदाही नाही. मी विषय काढला की तुम्ही छाटणीवर यायचा, बेदाणा कसा सुकतो त्यावर यायचा. दाजी, मला बेदाण्याबद्दल एवढी माहिती आहे की मी शेड चालवू शकेन. पण प्रत्येक वेळी मला वाटायचं, मी दाजींचा समुद्र काढून घेतला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बघितलेलं एक खरं होतं, त्यावर मी थर्माकोल चिकटवला.

एकदा वाटलं, तोडगा निघाला. तुम्ही साताऱ्याला लग्नाला आला होता, दुपारी आमच्याकडे टेकलात. आमच्याकडे नुकतंच केबल आलेलं. लावलं तर काय, समुद्र! माशांचा थवा, एका अंगाने डॉल्फिन, दुसऱ्या अंगाने शार्क, आणि खरंच पंगत. मधे जागा सोडून. मी म्हटलं, "दाजी, जिंकलात हो तुम्ही!" मग खालून एक मोठा वर यायला लागला. डॉल्फिन वळले. आता कळणार, मारतात की नुसते आडवे होतात. आणि वीज गेली.

मी वीज मंडळाच्या सात पिढ्या काढत होते. तुम्ही उपरण्याने मान पुसत म्हणालात, "बरं झालं." मग जरा वेळाने, "बेबे, पाण्यात माणसाला कुणी मोजत न्हाई."

मला वाटलं, मला बोलताय. गोष्टीत माणूस घुसवणारीला. मी चहा ठेवायला उठले.

तुम्हाला मिरजेला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, तेव्हा मी एसटीत माफीची तयारी करून आले होते. कराड गेलं, पेठनाका गेला, इस्लामपूर गेलं, वाक्य पाठ होत गेलं. "दाजी, मी तुम्हाला उगाच पाण्यात पाडलं, मला माफ करा." खाटेशी बसले, तुमचा हात हातात घेतला. नुसती हाडं. आणि तोंडातून काय निघालं? "यंदा बाग कशी आहे?"

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "बरी हाय."

ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. आयुष्यभर जिचं तोंड बंद झालं नाही, ती बाई पाहिजे तेव्हा गप्प बसली.

आता तिसऱ्या दिवसाचं. ओढ्याकाठी रक्षाविसर्जनाला सगळं गाव जमलेलं. पानावर तुमच्या आवडीचं सगळं मांडलं, मूठभर बेदाणेही. आणि बाभळीवर एक कावळा येऊन बसला. बसला तो बसलाच. खाली बघतोय, पण शिवत नाही.

संपत पुढे झाला. "आण्णा, बागेची छाटणी येळेवर करतो. काळजी करू नगा."

कावळा हलला नाही.

तुमचा मुलगा प्रकाश सांगलीच्या विश्रामबागेतून रजा टाकून आलेला. हात जोडून म्हणाला, "आण्णा, आईला एकटीला ठेवत नाही. सांगलीला घेऊन जातो."

कावळा उडून आणखी वरच्या फांदीवर गेला. ताई पदराआडून म्हणाली, "बघा, त्यांनाबी पटलं न्हाई." त्या तसल्या वेळीही दोघं-तिघं हसली.

ऊन चढलं. तुमची चुलती म्हणाली, "कायतरी अडलंय गं. कुणाचं काय बोलायचं ऱ्हायलंय?"

कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. पण मला वाटलं, सगळं गाव माझ्याकडेच बघतंय, आणि तो कावळा तर नक्कीच. माझे पाय आपोआप पुढे गेले. पानासमोर उभी राहून मी हात जोडले. "दाजी, तुम्ही कधी पाण्यात पडला नव्हता. डॉल्फिनने तुम्हाला वाचवलं नाही. नडगीचा डाग पाइपचा. सगळं मी रचलं. माझ्यामुळे तुमची शोभा झाली. माफ करा."

संपतचा चेहरा बघवत नव्हता, त्याच्या मंडळाचा सगळ्यात गाजलेला देखावा मी ओढ्यात सोडला होता. मी वर बघितलं. कावळा चोच फांदीला पुसत होता.

आणि मागून ताई म्हणाली, "अगं बेबे, पण पडले हुते की ते."

मी वळले. "काय?"

"पडले हुते. त्याच टायमाला. बोट थांबलीच हाय तर बाजू खरवडून रंग लावून घ्या म्हणून फळी सोडली हुती खाली. दुसऱ्या दिशी दोर निसटला. ह्ये पाण्यात. आणि खालनं त्यो मोठा वर येत हुता."

दाजी, तेव्हा मला कळलं. खालून गुपचूप येणारा मासा वर डेकवर उभ्या माणसाला इतका बारकाईने कसा दिसला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी, जिला सगळ्या गोष्टी कळतात!

"आणि डॉल्फिन?" मी विचारलं.

"शेजारनं गेले म्हणं. इतकं जवळनं की ह्यांच्या अंगावर पाणी ढकललं. ते आपली लेकरं गोळा करत हुते, ह्यांच्याकडं बघितलंबी न्हाई. आणि त्यो मोठा वळला, त्यो ह्यांच्या पायाखालनं गेला. त्यानंबी न्हाई बघितलं. मग वरच्यांनी दोर टाकला." ताईने डोळे पुसले. "मला शपथ घातली. आईला कळलं तर परत बोटीवर जाऊ देणार न्हाई म्हणून. आणि तू, बये, ते जसंच्या तसं मंडळात लावलंस!"

"मला कुठे माहीत होतं?"

"ते मी वरडून सांगत हुते! सत्कारावरनं घरी आल्या आल्या मला म्हणाले, तू सांगितलंस व्हय बेबीला? सात वर्षं मी शपथा घेतेय आणि ह्यांचा इस्वास न्हाई. तुझ्यासमोर समुद्राचं नाव काढायला भ्यायचे. म्हणायचे, तिला आणि काय काय ठावं हाय कुणास धक्कल."

म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हता. मला भीत होता! सात वर्षं मी तुमच्यापुढे चोरासारखी, आणि तुम्ही माझ्यापुढे. बेदाणा, छाटणी, बाग बरी आहे. आपण दोघं त्या पंगतीतल्यासारखे, मधे जागा सोडून, एका ओळीत बसलेलो.

"तुझी कॅसेट कुठाय ठावं हाय का?" ताई म्हणाली. "शेडवर. दर हंगामात लावायचे. बायका बेदाणा निवडत्यात आणि ह्ये लावून बसत्यात. पार घासली आता, तुझा आवाज बाप्यागत येतोय. मी इचारलं एकदा, खोटंच हाय ते, कशाला ऐकता? तर म्हणाले, खरं मला ठावं हाय. खऱ्यात कुणी बघितलं न्हाई. बेबीच्यात बघत्यात."

मी ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. चुलती मला सावरत होती, संपत नाक शिंकरत होता. आणि प्रकाश एकदम ओरडला, "शिवला!"

सगळ्यांनी वळून बघितलं. पानावरचा भाताचा मुटका फुटलेला, बेदाणे विखुरलेले. बाभळ रिकामी. शिवताना मात्र एकाही माणसाने बघितलं नव्हतं, कारण सगळं गाव आमच्याकडे बघत होतं. पलीकडे एक कुत्रं जिभल्या चाटत चाललं होतं, हेही तुम्हाला सांगून ठेवते. मी संपतला हळूच ते दाखवलं. "मावशी," तो म्हणाला, "आता तुमी तरी असं करू नगा. कावळाच हुता." माझ्याही गोष्टीत कावळाच राहणार आहे.

आपला वाद मी तुम्हाला देऊन टाकला, दाजी. डॉल्फिन आपल्या लेकरासाठी उभा राहतो, शार्क आपल्या पोटासाठी येतो, आणि त्या दोघांच्या मधे पडलेल्या माणसाशी कुणालाच काही घेणं नसतं. म्हणूनच तुम्ही वाचलात. म्हणूनच ताईला संसार झाला, प्रकाश झाला, बाग झाली, आणि मला दाजी मिळाले. तुम्हाला त्या न बघण्याची भीती जन्मभर राहिली असेल. मी मात्र त्या शार्कचे आणि त्या डॉल्फिनचे, दोघांचेही आभार मानते. दोघांनीही तेवढा वेळ दुसरीकडे बघितलं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळी भाचरं, नातवंडं माझ्याभोवती जमली. "बेबीआजी, आण्णांची गोष्ट." यावेळी खरी सांगितली. थांबलेली बोट, नितळ पाणी, थवा, पंगत. दोर निसटला, तुम्ही पाण्यात. डॉल्फिनने पिल्लं मधे घेतली. मोठा शार्क वळला आणि तुमच्या पायाखालून गेला. धडक नाही, कडं नाही. पोरं श्वास धरून ऐकत होती. इतकी शांत ती माझ्या थर्माकोलच्या गोष्टीलाही कधी बसली नव्हती.

"मग?" त्यातली एक म्हणाली. "डॉल्फिन पण गेले?"

"गेले," मी म्हटलं.

इथे थांबायचं होतं. मी ठरवून आले होते. ताई दारात उभी राहून माझ्याकडेच बघत होती. पण दाजी, पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि तुम्ही त्या एवढ्या पाण्यात एकटे.

"सगळे गेले," मी म्हटलं. "फक्त तो एक, ज्याच्या पराचा अर्ध्या चंद्राएवढा तुकडा गेला होता ना, तो जाता जाता जरासा थांबला, आणि त्याने आण्णांकडे वळून बघितलं."

ताई काही बोलली नाही. एवढं राहू द्या.